पाण्यातला पांडुरोग

मासा आजारी पडतो, ही गोष्ट आपल्या मनात सहसा येत नाही. कोंबड्यांचा राणीखेत आपल्याला ठाऊक असतो, गुरांची लाळ-खुरकत ठाऊक असते. मासा मात्र आपल्याला एक तर ताजा माहीत, नाही तर शिळा. याचे कारण सरळ आहे. मोकळ्या समुद्रात एखादा मासा आजारला, जरा मंदावला, की दुसरा त्याला गिळून टाकतो. तिथे आजाऱ्याला अंथरूण धरायलाच सवड मिळत नाही, तर त्याचा रोग शेजाऱ्यांपर्यंत पोचणार कधी? माणसाने माशाला पिंजऱ्यात घातले, त्याला गिळणारा शत्रू जाळ्याच्या बाहेर राहिला, आणि मग माशांची आजारपणे माणसाच्या डोळ्यांसमोर येऊ लागली.

अशाच एका आजाराचा इतिहास आज मला सांगायचा आहे. तो सॅल्मन या माशाचा आहे. आपल्याकडच्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात खरे, पण रावसाचे आणि त्याचे गोत्र वेगळे. अटलांटिक सॅल्मन हा थंड पाण्यातला मासा. नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, मोठा होता होता समुद्रात उतरतो, आणि अंडी घालायला पुन्हा नदीत परततो. त्याच्या या रोगाचे नाव मराठीत आणायला कष्ट पडत नाहीत. कल्ल्यांची लाली उतरते, रक्त पाण्यासारखे पातळ होते. आपले वैद्य ज्याला पांडुरोग म्हणत आले, तोच हा. शास्त्रज्ञ त्याला ‘सॅल्मनचा संसर्गजन्य पांडुरोग’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांनी ‘आयएसए’.

मी कवितेचा माणूस, माशांच्या वैद्यकाचा नाही. पण ही हकिगत वाचताना मला ती वैद्यकापेक्षा इतिहासाची वाटत गेली. जंतू तिच्यात आहे. पण त्याहून जास्त आहे ती माणसांची घाई, माणसांचा शेजार आणि माणसांची विसरभोळी स्मरणशक्ती.

सुरुवात नॉर्वेची. १९७० साली हित्रा नावाच्या बेटावर ग्रोन्त्वेत आडनावाच्या दोन भावांनी समुद्रात तरंगता पिंजरा बांधला आणि त्यात सॅल्मन वाढवून दाखवला. नॉर्वेचा किनारा म्हणजे डोंगरांच्या पोटात शिरलेल्या खोल, अरुंद खाड्यांची रांग. पाणी थंड, स्वच्छ आणि वादळापासून आडोशाचे. पाहता पाहता गावोगाव पिंजरे तरंगू लागले. १९८० मध्ये या देशात पिंजऱ्यातल्या सॅल्मनचे उत्पादन सुमारे चार हजार टन होते. दहा वर्षांनी ते दीड लाख टनांच्या आसपास पोचले. जी बंदरे ओस पडत चालली होती, तिथे पुन्हा दिवे लागले. या धंद्याने लोकांना काय दिले, ते आधी नीट लक्षात घेतले पाहिजे. नाही तर पुढच्या गोष्टीत माणसे उगाच खलनायक वाटतील.

१९८४ च्या शरद ऋतूत नॉर्वेच्या नैऋत्य किनाऱ्यावर एका मत्स्यबीज केंद्रात पिल्ले मरू लागली. पुढे मोठ्या माशांच्या पिंजऱ्यांतही तेच दिसले. मासे सुस्त होत, पृष्ठभागाजवळ पिंजऱ्याच्या कडेला येऊन राहत. कापून पाहिले तर यकृत काळपट, कल्ले पांढरटलेले आणि रक्त इतके पातळ की तांबड्या पेशींचे प्रमाण शेकडा दहाच्याही खाली गेलेले. आजारी माशाचे रक्त निरोगी माशाला टोचले की तोही त्याच वाटेने जाई. म्हणजे रोग लागट होता, एवढे कळले. पण लागट म्हणजे नेमके काय, ते कोणाला दिसत नव्हते.

या रोगाची चाल फसवी आहे. पहिल्या दिवशी ढीगभर मासे मेले असते, तर मालक घाबरून धावत सुटला असता. इथे तसे होत नाही. एका पिंजऱ्यात रोज हजारात एखादा मासा मरतो. हजारात एक म्हणजे कोणत्याही मत्स्यशेतीत सहज खपून जाणारा आकडा. शेजारचे पिंजरे अजून धडधाकट दिसतात. मग आठवडे जातात आणि दुसरा पिंजरा लागतो, तिसरा लागतो. माशाच्या विष्ठेतून, अंगावरच्या बुळबुळीत थरातून आणि सर्वांत जास्त त्याच्या रक्तातून रोगबीज पाण्यात उतरत असते आणि दुसऱ्याच्या कल्ल्यांतून आत शिरत असते. मालकाला खात्री पटेपर्यंत ओहोटीच्या पाण्याने ते केव्हाच पुढच्या शेतापर्यंत नेलेले असते.

आणि पाण्यापेक्षाही जास्त माणसाने नेलेले असते. तेव्हाचा रिवाज आठवून पाहा. एका खाडीतले मासे थोडे वाढले की बोटीत घालून दुसऱ्या खाडीत सोडायचे. वेगवेगळ्या केंद्रांतून स्वस्त मिळतील तशी पिल्ले आणायची आणि एकाच ठिकाणी ठेवायची. गेल्या वर्षीचे मोठे मासे आणि यंदाची पिल्ले शेजारी शेजारी वाढवायची. मासे कापण्याचा कारखाना सोयीसाठी शेतांच्या जवळच असायचा, आणि त्याचे रक्ताचे पाणी थेट समुद्रात जायचे. यातली एकही गोष्ट गुन्हा नव्हती. त्या त्या वेळी ती काटकसरच वाटत होती. पण रोगाच्या बाजूने पाहिले तर याहून चांगली व्यवस्था त्याला कोणी करून दिली नसती. म्हाताऱ्याकडून तरुणाकडे, तरुणाकडून पोराकडे जायला दार सदैव उघडे होते.

१९८८ मध्ये नॉर्वे सरकारने हा रोग सरकारला कळवणे सक्तीचे केले. तरी साथ वाढतच गेली आणि १९९० मध्ये ऐंशीच्या आसपास मत्स्यशेतांना तिने गाठले. त्याच सुमारास एकामागून एक नियम आले. समुद्रात वाढलेला मासा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणच्या समुद्रात नेऊन सोडायचा नाही. मत्स्यबीज केंद्रात समुद्राचे पाणी निर्जंतुक केल्याशिवाय घ्यायचे नाही. पिल्ले विकताना आरोग्याचा दाखला द्यायचा. कारखान्याचे रक्ताचे पाणी निर्जंतुक करूनच बाहेर सोडायचे. मासे वाहणाऱ्या बोटी धुवायच्या. एका जागी एकाच पिढीचे मासे ठेवायचे, आणि ते काढून झाल्यावर ती जागा काही काळ पडीक ठेवायची. आपला शेतकरी जमीन पड टाकतो, तशी समुद्राची पड.

या नियमांनी काय झाले? पुढच्या चार वर्षांत नव्या ठिकाणांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी खाली आली. यातली थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. रोगाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा काढून दाखवण्यात नॉर्वेच्या शास्त्रज्ञांना यश आले ते १९९५ मध्ये. म्हणजे शत्रूचे तोंड पाहण्याआधीच त्यांनी साथ आटोक्यात आणली होती. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरने पटकीच्या साथीत ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढायला लावला, त्याची इथे आठवण होते. पटकीचा जंतू कॉखने दाखवला तो तीस वर्षांनी, इजिप्तमध्ये आणि आपल्या कोलकात्यात. रोग कोणत्या वाटेने येतो हे कळले, तर तो कोण आहे हे कळण्याची वाट पाहावी लागत नाही.

१९९७ मध्ये नॉर्वेतल्या एका अभ्यासाने ती वाट आकड्यांत मांडली. रोग झालेल्या शेतापासून पाच किलोमीटरच्या आत आपले शेत असेल, तर धोका आठपट. आणि मासे कापण्याच्या कारखान्यापासून पाच किलोमीटरच्या आत असेल, तर तेरापट. आजारी शेजाऱ्यापेक्षाही कसाईखाना महाग पडत होता. रक्ताचे पाणी काय करू शकते, ते या दोन आकड्यांवरून कळते.

आता त्या विषाणूविषयी थोडेसे. तो इन्फ्लुएंझाच्या विषाणूच्या कुळातला निघाला. आपल्याकडे १९१८ साली ज्या तापाला लोकांनी मानमोडी म्हटले, त्या तापाच्या विषाणूचा हा दूरचा भाऊबंद. माणसाला मात्र त्याच्यापासून भय नाही. त्याला थंड पाणी लागते; पाणी पंचवीस अंशांवर गेले की त्याची वाढच होत नाही, मग आपल्या शरीराच्या उष्णतेत त्याचा निभाव कुठून लागणार? रोगी माशांवर औषध नाही. लस निघाली आहे, ती उपयोगी पडते, पण तेवढ्यावर भागत नाही.

याच विषाणूचा एक निरुपद्रवी अवतार आहे. २००२ मध्ये स्कॉटलंडच्या मोकळ्या नद्यांतल्या सॅल्मनमध्ये त्याचा माग लागला आणि नंतर पिंजऱ्यांतल्या माशांतही तो सर्रास सापडू लागला. तो कल्ल्यांत येतो, काही दिवस मुक्काम करतो आणि निघून जातो. मासा आजारी पडत नाही. या साध्या विषाणूच्या एका जनुकात जो मजकूर पूर्ण असतो, त्यातला तुकडा घातक विषाणूत गळालेला असतो. उर्दू लिपीत ‘खुदा’ आणि ‘जुदा’ या शब्दांत फक्त एका ठिपक्याच्या जागेचा फरक आहे. ठिपका वरून खाली आला की अर्थ पालटतो. इथेही तसेच आहे. आणि ठिपका केव्हा सरकतो? विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुका करतो तेव्हा. जितके मासे दाटीने, जितक्या पिढ्या एकत्र, तितक्या नकला जास्त आणि तितकी घातक चूक टिकून राहण्याची संधी जास्त. निरुपद्रवी विषाणूपासून घातक विषाणू उपजतो, याचा भक्कम पुरावा फेरो बेटांवरच्या एका प्रकरणातून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे पिंजऱ्यातल्या गर्दीत रोग नुसता पसरत नाही. तो जन्मही घेऊ शकतो.

नॉर्वेने हे शहाणपण पैसे मोजून विकत घेतले होते. ते फुकटात घ्यायला बाकीचे जग मोकळे होते. तसे झाले नाही. १९९७ मध्ये कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात हाच रोग ओळखला गेला. मे १९९८ मध्ये स्कॉटलंडच्या लॉक नेव्हिस या खाडीत तो प्रकटला आणि अकरा मत्स्यशेतांवर त्याची खात्री झाली. तिथल्या संशोधकांनी नंतर बोटींच्या फेऱ्यांच्या नोंदी तपासल्या. जिवंत मासे कापायला घेऊन जाणाऱ्या बोटी जिथे जास्त वेळा गेल्या होत्या, तिथे रोग जास्त होता. या बोटींच्या टाक्यांतून समुद्राचे पाणी खेळते ठेवतात, म्हणजे आजारी माशाला लागलेले पाणी प्रवासभर बाहेर पडत राहते. स्कॉटलंडने मासे मारून आणि शेते रिकामी करून त्या वेळी रोग घालवला. फेरो बेटांची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास आणि निर्यात जवळजवळ सगळी माशांचीच. तिथे २००० नंतरच्या पाच वर्षांत या रोगाने मत्स्यशेती जमीनदोस्त केली. मग त्यांनी एका खाडीत एकच पिढी, मासे एकदम आत आणि एकदम बाहेर, आणि सर्वांना लस असे कडक नियम करून धंदा पुन्हा उभा केला.

आणि मग चिली. दक्षिण गोलार्धात सॅल्मन मुळात नव्हताच. चिलीच्या दक्षिणेला चिलोए नावाचे बेट आहे. बटाटे, मासेमारी आणि लाकडी चर्चेस यांसाठी ते प्रसिद्ध. त्यांतली काही चर्चेस २००० साली जागतिक वारशात गेली. १९८० नंतर या बेटाच्या आसपासच्या शांत पाण्यात सॅल्मनचे पिंजरे आले. उत्तरेकडच्या देशांतून दरवर्षी कोट्यवधी अंडी विमानाने येऊ लागली. मासे कापायचे, साफ करायचे, काटे काढायचे कारखाने निघाले आणि त्यांत हजारो माणसे, विशेषतः स्त्रिया, कामाला लागल्या. वीस-पंचवीस वर्षांत चिली जगात नॉर्वेच्या खालोखाल जाऊन बसला. नॉर्वेजियन मालकीच्या कंपन्याही तिथे होत्या. म्हणजे ज्यांच्या मायदेशात १९९० चा धडा कायद्यात लिहिला गेला होता, तेही या धंद्यात भागीदार होते.

पण चिलीच्या कायद्यात तो धडा नव्हता. पिंजरे एकमेकांना खेटून होते. एका शेतातले मासे काढले, की पड न टाकता दुसरे आत जात. शेजारी कोणाचे, कोणत्या वयाचे मासे आहेत, याचा विचार करायला कोणी बांधील नव्हते. त्यात समुद्री उवांचा सुळसुळाट झाला. या उवा माशाची कातडी खातात, त्याचा जीव नकोसा करतात, आणि जखमी, त्रासलेला मासा कोणत्याही विषाणूला सोपा पडतो.  

जुलै २००७ मध्ये चिलोएच्या एका मत्स्यशेतातून आयएसएची बातमी आली. २००८ आणि २००९ मध्ये साथ शेतामागून शेत घेत गेली. मालकांनी मासे पुरते वाढण्याआधीच काढायला सुरुवात केली. चिलीचा विषाणू नॉर्वेच्या विषाणूच्या वंशातला आहे, हे जनुकांच्या तपासणीत दिसले. तो आयात केलेल्या अंड्यांतून आला की आणखी कशातून, यावर शास्त्रज्ञांत आणि कंपन्यांत मोठा वाद झाला. माझ्या मते इतिहासाच्या दृष्टीने तो वाद दुय्यम आहे. विषाणू आला होता तो बातमीच्या बऱ्याच आधी, कदाचित दहा वर्षे आधी, असे त्याच जनुकांवरून अनुमान निघते. तो वाट पाहत होता ती दाटीची. अटलांटिक सॅल्मनचे चिलीतले उत्पादन दोन वर्षांत जवळपास एक तृतीयांशावर आले.

कंपन्यांनी बँकांशी कर्जाची नवी बोलणी केली. कारखान्यातल्या बाईला अशी बोलणी करायला कोणी नव्हते. हजारो लोकांचा रोजगार गेला. आधी शेती आणि मासेमारी सोडून जी माणसे कारखान्यात आली होती, त्यांना मागे जायला पूर्वीचे घर तसेच शिल्लक होते असे नाही. माशाच्या पांडुरोगाचा फिकटपणा शेवटी त्यांच्या चुलीवर उतरला. पिंजरे किती दाट बांधायचे, हे ठरवताना त्यांना कोणी विचारले नव्हते.

२०१० मध्ये चिलीने कायदा बदलला. जवळजवळच्या शेतांचे गट पाडले. एका गटातल्या सर्वांनी एकाच काळात मासे सोडायचे आणि नंतर सर्वांनी एकदमच पड टाकायची. या गटांना लोक ‘बारिओ’ म्हणतात. बारिओ म्हणजे स्पॅनिशमध्ये वस्ती, मोहल्ला. हा शब्द मूळ अरबीतून स्पॅनिशमध्ये गेला असे भाषेचे जाणकार मानतात, म्हणून माझे त्याच्याकडे आधी लक्ष गेले. पण नंतर वाटले, याहून अचूक शब्द मिळाला नसता. मोहल्ल्यात एकाने आपले गटार साफ ठेवून भागत नाही. २०१२ पर्यंत चिलीचे उत्पादन पूर्वीच्या आकड्यापर्यंत परत आले. म्हणजे उपाय खरोखर होता, आणि तो वीस वर्षे आधीपासून जगाला ठाऊक होता. अंडी विमानाने गेली, भांडवल तारेने गेले; नियम तेवढे मागे राहिले.

नॉर्वेलाही आज निश्चिंत झोप नाही. तिथे अधूनमधून हा रोग डोके वर काढतोच. २०२० मध्ये वीसहून अधिक ठिकाणी तो आढळला. निरुपद्रवी विषाणू पाण्यात आहेच, दाटीही आहे. साथ संपली असे म्हणून नियम सैल करता येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या देशाला हा धडा दुसऱ्या एका विषाणूने दिला. १९९४ च्या सुमारास आंध्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या कोळंबीच्या तळ्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि भरभराटीला आलेला धंदा हादरला. तिथेही तळ्याला तळे लागलेले होते, आणि एकाने बाहेर सोडलेले पाणी दुसरा आत घेत होता. शेतजमीन आणि पिण्याचे पाणी यांच्या नासाडीबद्दल एस. जगन्नाथन या सर्वोदयी कार्यकर्त्यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. किनारी मत्स्यशेतीसाठी प्राधिकरणाचा कायदा २००५ मध्ये झाला, आणि २००९ पासून परदेशी कोळंबीचे रोगमुक्त बीज चेन्नईत विलग ठेवून, तपासून आत घेण्याची पद्धत आली. गोड्या पाण्यातल्या तिलापिया माशाचा एक नवा विषाणूही पश्चिम बंगाल आणि केरळमध्ये सापडल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. महाराष्ट्रात धरणांच्या पाण्यात पिंजरे तरंगू लागले आहेत, कोकणच्या खाड्यांकाठी कोळंबीची तळी आहेत. यातून अनेक तरुणांना रोजगार मिळतो आहे आणि तो मिळावा.

फक्त त्यांनी आणि त्यांना कर्ज देणाऱ्यांनी काही साधे प्रश्न विचारायची सवय ठेवावी. ही पिल्ले कोणत्या केंद्रातून आली, आणि तिथे यंदा काही मेले का? ही बोट, हे जाळे, ही टोपली काल कोणाकडे होती? शेजारचा पिंजरा किती हातांवर आहे, आणि त्याच्या मालकाशी आपले बोलणे आहे का? मेलेले मासे आणि कापलेल्या माशांचे रक्त कुठे जाते? हे पाणी शेवटचे मोकळे केव्हा ठेवले होते? या प्रश्नांना प्रयोगशाळा लागत नाही. नॉर्वेच्या लोकांनी १९९० मध्ये, विषाणूचे तोंडही पाहिलेले नसताना, हेच विचारले होते, आणि उत्तरे मिळाल्यावर त्याप्रमाणे वागले होते.